एकोणचाळीस आणि त्रेचाळीसच्या मधे

छत्तीस वर्षं मी राजाराम बंधाऱ्याची पट्टी वाचली.
आधी कंदील, मग बॅटरी, शेवटी मोबाइलचा उजेड.
एकोणचाळीस फूट : इशारा.
त्रेचाळीस : धोका.
मधल्या चार फुटांत माणसानं काय करायचं
ते कुठल्या परिपत्रकात आलं नाही.
जागं राहायचं, एवढंच.

आता राजारामपुरीत, तिसऱ्या मजल्यावर
डॉक्टर मगदूम कागदाच्या मागं लिहितात
तीन अधिक चार.
मी म्हणालो, सात.
"सात खरंच. पण चार अधिक तीन असते
तर मी आज वेगळं बोललो असतो."
बावड्याच्या शाळेत शिकलो होतो
बेरीज उलटी केली तरी उत्तर तेच.
अडुसष्टाव्या वर्षी कळलं,
बेरजेतसुद्धा पुढं कोण बसतं ते बघतात.

"मध्यम जोखीम. त्यातली बरी बाजू.
लगेच कापायला नको, नजर ठेवू.
चार महिन्यांनी रक्त, वर्षानं एमआरआय,
लागलं तर परत सुया.
हललं, की हात घालू."
नजर ठेवू म्हणे.
मी आयुष्यात दुसरं केलंय काय?

तरी जिना उतरताना पाय लटपटले.
नदी बाहेर होती तेव्हा सोपं होतं.
ड्युटी संपली की सायकल काढून
तिच्याकडं पाठ करता यायची.

रणजित पुण्याहून फोनवर ओरडला,
"पप्पा, कॅन्सर आहे आणि तुम्ही बघत बसणार?"
मी म्हणालो, बघत बसणं वेगळं
आणि बघणं वेगळं.
त्याला पटलं नाही.
मला तरी कुठं, रात्री अडीचला.

गंगावेशीत सर्जेराव वस्तादांनी काढून टाकली.
त्यांची चार अधिक चार होती, थांबायला जागाच नव्हती.
जीव वाचला. पण दुधाच्या कट्ट्यावर
आता ते बसत नाहीत, उभ्यानंच पेला संपवतात,
शर्ट बाहेर सोडलेला.
एकदा हळूच म्हणाले, "लंगोट सुटला रे,
आणि हे आलं."
आम्ही दोघंही म्हशीकडं बघत राहिलो.

एका साली मी एक्केचाळीस कळवलं.
चिखलीतली जनावरं रातोरात हलली,
पहाटे पाणी दोन फूट खाली.
भर चौकात मला शिव्या घातल्या.
दुसऱ्या एका साली लिहिलं, स्थिर,
आणि चहा प्यायला गेलो.
त्या चहाचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

म्हणून कपाटातून खात्याची जुनी वही काढली,
कोरी राहिलेली पानं होतीच.
तारीख. वेळ. पातळी. शेरा.
पातळीच्या रकान्यात सहा पूर्णांक एक.
पुढं सहा पूर्णांक आठ.
मग पाच पूर्णांक नऊ, आणि त्या दिवशी
मी उगाचच अर्धा किलो जिलेबी आणली.

इंदुमती यातलं काही विचारत नाही.
तांदूळ निवडते, सीरियल बघते,
माझ्या आधी झोपते असं मी धरून चाललो होतो.
परवा गॅसचा नंबर शोधताना
कॅलेंडरचं मागचं पान उलटलं.
दुधाच्या हिशेबाशेजारी पेन्सिलीच्या बारीक रेघा :
सोमवारी तीन, मंगळवारी चार,
गुरुवारी दोन, त्याखाली एक टिंब.
मी रात्री जितक्या वेळा उठलो तितक्या.

म्हणजे पट्टी मी होतो.
काठावर अंधारात ती,
कंदिलाशिवाय.

पान तसंच परत लावलं.

आज सकाळी रिपोर्ट आला.
आतून आवाज, "किती?"
अगदी कंट्रोल रूमसारखा, मागंपुढं काही नाही.
"सात पूर्णांक दोन."
पातेल्यात पडणारं पाणी थांबलं.
"इशारा का धोका?"
"मधे."
"मग सोमवारी मगदूमांकडं मीही येणार," ती म्हणाली,
"आणि ती वही घ्या बरोबर."
थोड्या वेळानं नळ परत सुरू झाला.

शेऱ्याचा रकाना अजून मोकळा आहे.
पेन हातात घेऊन बसलोय.